माझ्या उजव्या हातास

९ जानेवारी

चि. बारक्या खिळ्यास, मामाचा आशीर्वाद.

तू कितीही मोठी इंजिनीअर झालीस तरी मी तुला याच नावाने हाक मारणार. छापखान्यात माझ्या मांडीवर बसून शिशाचे बारीक खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, तोंडात घालणारी दुसरी भाची मला नाही. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर मला ओरडून बोलावं लागतं आणि शेजारच्या खोलीत तुझी मामी सगळं ऐकते. जे लिहायचंय ते तिच्याचबद्दल आहे.

तू पाठवलेला कॉम्प्युटर पोचला. त्यात तुमच्या कंपनीचं ते लिहायचं सॉफ्टवेअर आहे, तेही उघडता आलं. डॉक्टरांनी सांगितलं ते तुला ठाऊकच आहे. विसरायचा आजार आहे, सुरुवात आहे. ते म्हणाले, माणसाला जी भाषा आधी आली ती शेवटी जाते, तर रोज माहेरच्या भाषेतलं काहीतरी वाचू द्या, तेवढाच धरायला खांब. माहेरच्या भाषेत तिच्याकडे एकच गोष्ट आहे, तिच्या वडिलांची पत्रं. लग्नानंतर त्या घड्याळजीने दर महिन्याला एक याप्रमाणे लिहिलेली, एकशे बारा. प्रत्येकाची सुरुवात एकच, "माझ्या उजव्या हातास". लहानपणी ते घड्याळ उघडून बसले की ही उजवीकडे उभी राहून एकेक हत्यार हातात द्यायची, म्हणून. शाई आता इतकी फिकी पडलीय की भिंग लावून चार ओळी वाचल्या की तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून ठरवलं की सगळी पत्रं मोठ्या टाइपात उतरवायची आणि पुस्तक बांधून तिच्या हातात द्यायचं. चाळीस वर्षं दुनियेची पुस्तकं जुळवली, बायकोसाठी एक जुळवायला काय हरकत आहे?

मला ती भाषा येत नाही. लिपीतली सुटी अक्षरं तेवढी तिने तक्ता काढून शिकवली. ती भिंगातून बघून एकेक अक्षर सांगते, मी टाकतो. पण गंमत बघ. ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते. मी पहिलं अक्षर टाकलं, ते स्क्रीनच्या डाव्या कडेला जाऊन बसलं. दुसरं त्याच्या उजवीकडे. पूर्णविराम भलतीकडेच. आणि अक्षरं एकमेकांना धरायला हवीत ती फटकून उभी, भांडलेल्या जावांसारखी. मामीने बघितलं आणि म्हणाली, "माझे बाबा काय शीर्षासन करून लिहायचे?"

ती हसली म्हणून मीही हसलो. पण नंतर तिने भिंग ठेवून दिलं आणि दिवसभर हात लावला नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच एखादा खटका असेल, तो कुठला दाबायचा ते सांग.

तुझा मामा

१७ जानेवारी

प्रिय मामा, तुम्हाला आणि मामीला नमस्कार.

खटका नाहीये, हेच तर दुखणं आहे. आमचा एडिटर ज्यांनी पहिल्यांदा लिहिला त्यांनी गृहीत धरलं की जग डावीकडूनच लिहितं. उजवीकडून लिहिणाऱ्यांची तक्रार आमच्या यादीत सहा वर्षं पडून आहे. खाली कुणीतरी शेरा मारलाय, "फक्त दिसण्याचा प्रश्न. महत्त्व कमी." ती यादी म्हणजे आमच्याकडचा माळा, टाकलेली वस्तू खाली येत नाही. मी साहेबांशी बोलणार आहे.

तोवर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. यंत्र अक्षरं कोणत्या क्रमाने लक्षात ठेवतं ही एक गोष्ट आणि ती स्क्रीनवर कशी मांडतं ही दुसरी. आमचं मांडणं चुकतंय, लक्षात ठेवणं नाही. म्हणून मामी सांगेल त्याच क्रमाने टाका, पहिलं अक्षर आधी. दिसेल उलटं, दिसू द्या. हाताने फिरवून सुलटं करू नका. मी दुरुस्ती केली की एक दिवस तुम्ही उघडाल आणि सगळ्या ओळी आपोआप उजवीकडून लागलेल्या असतील, अक्षरं हातात हात घालून.

मला दोन महिने द्या. मामीला सांगा, शीर्षासन उतरवते.

तुमचा बारका खिळा

२ मार्च

चि. बारक्या खिळ्यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. घरातले दिवस आता सरळ रेषेत जात नाहीत.

गेल्या महिन्यात तिने तीनदा किल्ल्या हरवल्या. एकदा दूध शेगडीवर ठेवून अंगणात जाऊन बसली, भांडं जळून कोळसा. डॉक्टरांनी बजावलंय की चूक दाखवायची नाही, माणूस खचतो. म्हणून मी सगळं माझ्या अंगावर घेतो. किल्ल्या मीच कोटाच्या खिशात विसरलो. शेगडी मीच बंद केली नाही. परवा तिने एकच चिठ्ठी शेजारणीला दोनदा नेऊन दिली, तर म्हटलं, अगं, मीच तुला दोनदा पाठवलं. ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "म्हातारा झालास रे." तिला माझी काळजी वाटते हे एक बरं आहे, त्यात तिचं मन रमतं. आयुष्यभर मी खोटं बोललो नाही म्हणून मिरवत आलो, आता सकाळ-संध्याकाळ औषधासारखं बोलतो.

पत्रांचं काम जोरात आहे. तू सांगितलंस तसंच चाललंय. ती अक्षरं सांगते, मी आधी चिठ्ठीवर उतरवून घेतो आणि मग चिठ्ठी बघून यंत्रात जुळवतो. हात बसलाय. काल तिने स्क्रीनवर पहिलं पत्र स्वतः वाचलं. अक्षरं सुटी सुटी होती, तरी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं, आणि मला आमच्या भाषेत अर्थ सांगितला. वडिलांनी विचारलं होतं, तिथल्या भिंतीवरचं घड्याळ पुढे जातं का मागे. फार वेळ स्क्रीनकडे बघवत नाही तिला, पण पुस्तक झालं की वाचेल.

तुझं काम कुठवर आलं? घाई करत नाही. म्हणजे करतोच आहे.

मामा

१८ एप्रिल

प्रिय मामा,

मामीने स्क्रीनवर वाचलं, तेही उलट्या लागलेल्या ओळी. कमाल आहे तिची. मी इथे दोन मैत्रिणींना सांगितलं.

साहेबांनी आधी नकारच दिला होता. म्हणाले, अशी माणसं आहेत किती? मी मामीचं नाव घेतलं नाही, एका माणसासाठी कोण काम देतं? मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने हीच मागणी केली आणि सहा वर्षांचं काम एका दुपारी तातडीचं झालं. आता मीच ते करतेय. शेजारच्या टेबलावर आमचं काम तपासणारी टेस्टर बसते, तिची ती मातृभाषा. तिच्याकडून लिपी आणि थोडे शब्द शिकले, अडखळत वाचते. कर्सर कुठे उभा राहावा, मध्येच आकडे आले तर त्यांनी कुठे वळावं, प्रत्येक गोष्टीत दहा फाटे. पण ओळ वळली, मामा. पहिल्यांदा वळली तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून बसले.

१ जूनला नवी आवृत्ती सगळ्यांकडे आपोआप उतरेल. तुम्हाला काही करायचं नाही. फक्त तोवर छापू नका, थांबा. सुट्या अक्षरांचं पुस्तक मामीच्या हातात नको द्यायला.

तुमचा बारका खिळा

१२ जून

चि. बारक्या खिळ्यास पोटभर आशीर्वाद.

पुस्तक झालं. पत्रं एप्रिलमध्येच उतरवून संपली होती, पण तू म्हणालीस थांबा, म्हणून थांबलो. १ जूनला सकाळी यंत्र उघडलं आणि बघतच राहिलो. ओळी उजव्या कडेला येऊन टेकलेल्या, अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली, वेलीसारखी. मी शिकलो ती सुटी अक्षरं मला त्यात ओळखूही येईनात, इतकी रूपं बदललेली. जन्मभर जुळारी म्हणून मिरवलो, पण असा जोड माझ्या हातून कधी लागला नसता.

पुन्हा तपासलं नाही. सुटी अक्षरं असताना चिठ्ठीशी ताडून एकेक ओळ पाहिली होती, आणि एकदा प्रूफ पास झालं की परत बोट लावायचं नाही, हा आमचा धर्म. माझा जुना बाइंडर मित्र अजून हातशिलाई करतो, त्याने बांधून दिलं. निळं कापड, तिच्या वडिलांच्या दुकानाच्या दाराचा रंग तसा होता म्हणे. उद्या सकाळी तिला देणार. आज रात्रभर उशाशी ठेवतो.

मामा

२० जून

प्रिय मामा,

काय म्हणाली मामी? एक पान मलाही पाठवा.

खिळा

१५ जुलै

मामा, दोन वेळा फोन केला, तुम्ही "सगळं बरं आहे" म्हणून ठेवून दिलात. तुमचं "बरं आहे" मला लहानपणापासून कळतं. लिहा.

३ ऑगस्ट

चि. खिळ्यास,

लिहायला धीर होत नव्हता.

१३ जूनला सकाळी तिला खिडकीशी बसवलं आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. तिने कापडावरून हात फिरवला, उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट पुढे सरकेना. मला वाटलं, भरून आलंय. मग तिने पान उलटलं, आणखी एक, मग मधलंच कुठलं तरी. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्षरं सगळी ओळखीची आहेत रे. शब्दच लागत नाहीत."

मी म्हटलं, उजेड कमी असेल. दिवा लावला. म्हटलं, चष्मा पुसून देतो. पुसला. ती लहान मुलीसारखी पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. "माझ्या उजव्या हातास" ही ओळ तिला झोपेत वाचता आली असती. तीही लागली नाही. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "गेलं म्हणजे."

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, असं होतं, आज आहे ते उद्या नसतं, वाचन गेलं असं धरून चाला. मी मूळ पत्रांची पेटी काढून भिंग पुढे केलं, तर तिने हात मागे घेतले. एकदा कळलं तेवढं पुरे, म्हणाली. पुढच्या आठवड्यात मी बाजारात गेलो असताना रद्दीवाला आला होता. तिने पेटी त्याला देऊन टाकली. वाचता येत नाहीत ते कागद घरात कशाला, असं मला समजावून सांगितलं. मी त्या माणसाला शोधत तीन गल्ल्या फिरलो.

त्यानंतर ती आपल्या मनाने मागे सरत गेली. पेपर बघेना, दारावरची पाटी बघेना. आमच्या भाषेतही बोलणं हो-नाहीवर आलं. जुलैअखेर तिनेच हट्ट धरला, मला केअर सेंटरमध्ये ठेव, तुझ्याने होणार नाही. तिथे तिची खोली चांगली आहे, खिडकीतून झाड दिसतं. मी रोज चार ते सहा जातो.

तुझ्या मेहनतीत काही उणं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. तू उशीर केला नाहीस, तिचीच वेळ आधी आली. तू एक पान मागितलं होतंस. पहिलंच काढून सोबत ठेवतोय. कागद बघ, टाइप बघ. काम देखणं झालं होतं.

मामा

९ ऑगस्ट

मामा,

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, तुम्हाला अर्धं ऐकू आलं असेल. म्हणून सगळं परत लिहिते. आधी हे पान वाचा, मग पार्सल उघडा, मग लगेच मामीकडे जा.

पान उलटं आहे. मामीचं काही गेलेलं नव्हतं.

तुमचं पान मी टेबलावर ठेवलं आणि उजवीकडून वाचू लागले. एकही शब्द लागेना. वाटलं, मलाच येत नाही. टेस्टरला दाखवलं, ती म्हणाली, ही कुठली भाषा? मग मी सहज डावीकडून एकेक अक्षर सोडवत गेले आणि पहिल्या ओळीत ते निघालं, "माझ्या उजव्या हातास". मामा, तुम्ही प्रत्येक ओळ शेवटच्या अक्षरापासून टाकलीत ना? चिठ्ठी समोर ठेवून, डावीकडून, खिळे लावतात तसं? जुन्या आवृत्तीत ते डोळ्याला सुलटं दिसत होतं, म्हणून मार्चमध्ये मामीने वाचलं. तुमच्या त्या पत्रातच सगळं होतं. खरोखर मी सांगितलं तसं टाकलं असतं तर तिला वाचता आलंच नसतं. मी ते वाचलं आणि कौतुक करत बसले. मग मी ओळी वळवल्या, आणि तुम्ही हाताने सुलटं केलेलं सगळं माझ्या दुरुस्तीने उलटं झालं. वर अक्षरं अशी सुंदर जोडली की कुणाला शंकाही येऊ नये.

मी "थांबा" म्हटलं नसतं आणि तुम्ही एप्रिलमध्ये छापलं असतं, तर तिने वाचलं असतं.

आणखी एक सांगायचंय. तक्रारीखालचा तो शेरा, "फक्त दिसण्याचा प्रश्न", तो माझाच. नोकरीला लागून महिना झाला होता, यादी साफ करायला बसवलं होतं. जानेवारीत तुम्हाला लिहिताना "कुणीतरी" लिहिलं.

तुमची फाइल फिरवायला मला एक मिनिटही लागलं नाही. एकशे बाराही पत्रं सुलटी केली, टेस्टरने शब्दन् शब्द वाचून पाहिला, वाचताना ती दोनदा थांबली. पार्सलमध्ये तेच पुस्तक आहे. मामीला सांगा की चूक आपली होती, तिची नव्हती. तिला वाचता येतं. जा.

खिळा

२४ ऑगस्ट

चि. बारक्या खिळ्यास,

होय. शेवटच्या अक्षरापासूनच टाकलं. तू बजावलं होतंस, तरी. पहिल्या दिवशी तिने भिंग ठेवून दिलं ते मला बघवलं नाही. आमच्या धंद्यात शिशात उलटं ते कागदावर सुलटं, दृष्टीला बरोबर दिसेपर्यंत फिरवत राहायचं, एवढंच मला ठाऊक. तुला खोटं लिहिलं, कारण भाचीने समजावलेलं मामाला कळलं नाही हे कबूल करायला लाज वाटली. तू स्वतःला लावून घेऊ नकोस. शेरा तुझा असेल, हात माझा होता.

पार्सल घेऊन त्याच दिवशी चार वाजता गेलो. ती खाटेवर बसली होती. तिथल्या बाईने तिचे केस विंचरून दिले होते. मी खुर्ची ओढली आणि तिला सगळं सांगितलं. सावकाश, पहिल्यापासून. चिठ्ठी, डावी बाजू, उजवी बाजू, तुझी दुरुस्ती. म्हटलं, तुझं काही गेलं नव्हतं, पुस्तकच उलटं होतं. चूक माझी होती.

तिने नीट ऐकून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. मी नवं पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिचं बोट आपोआप उठलं आणि बरोबर पहिल्या ओळीच्या उजव्या टोकाला जाऊन थांबलं. पण डोळे तिने पानावर नेले नाहीत. ते माझ्याकडेच होते. मग तिने बोट उचललं, पुस्तक मिटलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"किल्ल्या तूच हरवल्यास," ती म्हणाली, "दूधही तूच जाळलंस. आता हेही तूच. किती खोटं बोलशील माझ्यासाठी?"

म्हणजे तिला तेव्हाही सगळं कळत होतं, खिळ्या. मी शपथ घेतली. तुझं पत्र काढून दाखवलं, तर म्हणाली, तिलाही सामील करून घेतलंस, पोरगी गुणाची आहे. मी पुस्तक परत उघडायला गेलो, तेव्हा तिने दोन्ही हात पुस्तकावर दाबून धरले. म्हणाली, परत नको, एकदा सोसलं तेवढं बास. मला तिचे हात ओढून काढता आले असते. नाही काढले.

तेव्हापासून रोज पुस्तक घेऊन जातो आणि रोज घेऊन येतो. काल मी स्वतःच पहिली ओळ मोठ्याने वाचून दाखवायला गेलो, एकेक अक्षर सोडवत. पण मला सुटीच अक्षरं येतात, आणि ती आता जुळलेली आहेत. दोन अक्षरांपुढे गाडी गेली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, ती दुरुस्त करेल. मी मुद्दाम थांबूनही पाहिलं.

मग सहाची घंटा झाली आणि मी चष्मा खिशात ठेवून निघालो.

मामा